उरेब म्हणजे नुसतं तिरकं नव्हे

कापड तिरकं कापायला शिकावं लागत नाही. घडी सरकली, कात्री हलली की ते आपोआप तिरकं जातं. उरेब मात्र मुद्दाम कापावं लागतं. ब्लाऊजचा गळा अंगापासून उभा राहतो, पायपिंगला पीळ पडतो, अंब्रेला घागऱ्याचा घेर काही दिवसांत जागोजागी लोंबतो. यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी तिरकं आणि उरेब यांतला फरकच असतो. म्हणून आधी शब्द, मग कात्री.

उरेब हा शब्द फारसीतून आला. अस्तर, गज, पायजमा ज्या वाटेने शिवणकामात आले त्याच वाटेने. कुठे औरेब म्हणतात, आणि आता बऱ्याच दुकानांत नुसतं ‘क्रॉस’. मूळ अर्थ तिरपा, कललेला. हिंदीत औरेब म्हणजे पेच, वाकडी चाल असाही अर्थ आहे. मराठी बोलण्यात तो सहसा ऐकू येत नाही, त्या कामाला आपल्याकडे ‘तिरकस’ आहेच. आपला उरेब शिंप्याच्या टेबलावर राहिला, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी नेमका आहे: उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या बरोबर मधून जाणारी रेघ, ४५ अंशांची.

त्याच्या भावंडांना कोनाशी एवढं देणंघेणं नाही. तिरपं म्हणजे वरून खाली कललेलं: तिरपं ऊन, पावसाची तिरपी सर, कौलाच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप. तिरकं म्हणजे सरळ रेषेतून ढळलेलं: तिरकी रेघ, तिरकी टोपी, तिरकी नजर. बुद्धिबळातला उंट तिरका चालतो असं आपण म्हणतो, पण त्याची चाल पक्की उरेब असते. तिरकस हा मुख्यतः जिभेचा शब्द. बोलायचं एकीला आणि लागायचं दुसरीला, लेकी बोले सुने लागे, त्या तऱ्हेला आडून बोलणं म्हणतात, तिरकस बोलणं म्हणतात. तिथे उरेब चालत नाही. तिरळा फक्त डोळा. तिरकमठा या घरातला नाहीच, तो तीर आणि कमठा यांचा जोडशब्द. आणि वाकडं म्हणजे चूक: ‘कटिंग वाकडं गेलं’ म्हटलं की कापड फुकट गेलं.

दुकानात खरा घोटाळा होतो तो ‘आडवं’ आणि ‘क्रॉस’ या शब्दांनी. आडवी पट्टी म्हणजे किनारीला (कापडाच्या लांबीच्या विणलेल्या कडेला) काटकोनात, बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्याच्या दिशेने कापलेली पट्टी; ती उरेब नव्हे. शिंपी ‘क्रॉस’ म्हणतो तेव्हा त्याला उरेब अभिप्रेत असतं. इंग्रजी पॅटर्नच्या सूचनांत मात्र ‘क्रॉस ग्रेन’ म्हणजे आडवं सूत, आणि उरेबला ‘बायस’ म्हणतात. परदेशी पॅटर्न बघून कापणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तर अर्धा मीटर कापड वाचेल.

४५ अंशच का

विणलेल्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा. ताणा मागावर ताणलेला असतो, म्हणून त्या दिशेला कापड जवळजवळ वाढत नाही. बाण्याच्या दिशेला थोडं वाढतं. उरेब धरून ओढलं की धागे लांब होत नाहीत, ते एकमेकांवर फिरतात. जुन्या इमारतीतल्या लिफ्टचं सरकतं जाळीचं दार आठवा. दार ओढलं की जाळीचे चौकोन एका बाजूने लांब आणि दुसऱ्या बाजूने अरुंद होतात. उरेब पट्टीचंही तसंच: लांबीत ओढली की रुंदीत आकसते. सव्वा इंचाची पट्टी जोरात ओढून इस्त्री केली तर ती सहज एक-अष्टमांश इंच अरुंद होते.

दोन्ही धाग्यांना सारखीच मोकळीक मिळते ती फक्त ४५ अंशांवर. कोन ३५ किंवा ५५ झाला की पट्टी ओढल्यावर सरळ वाढत नाही, एका अंगाला वळते. गळ्याला लावल्यावर तिचा दोरखंडासारखा पीळ दिसतो तो यामुळे. मग कितीही इस्त्री फिरवा, धुतल्यावर पीळ परत येतो.

खरा उरेब काढायचा कसा

अस्तर, केंब्रिक, पॉपलिन, टू बाय टू रुबिया, जे कापड घ्याल ते आधी तासभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्या. न भिजवलेली सुती पट्टी पहिल्या धुण्यात आटते आणि गळा गोळा करते. तयार मिळणारी पट्टीही भिजवूनच लावावी.

मग आडवी कड सरळ करा. दुकानदाराने फाडलेली किंवा कात्रीने कापलेली कड सरळ असेल असं धरून चालू नका. किनारीपाशी छोटी खाच मारा, एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढा. धाग्याच्या जागी रेघ उमटते, त्या रेघेवर कापा. ही कड किनारीला काटकोनात बसली नाही, कापड चौकटीत न राहता पतंगासारखं ओढलेलं दिसलं, तर विरुद्ध कोपरे धरून दोघांनी ताणा आणि जागेवर आणून इस्त्री करा.

आता एका कोपऱ्यापासून किनारीवर १० इंच आणि सरळ केलेल्या कडेवर १० इंच मोजून खुणा करा. दोन्ही खुणा जोडणारी रेघ म्हणजे उरेब. एका बाजूला १०, दुसऱ्या बाजूला ८ झाले तर कोन ३९ अंशांच्याही खाली येतो, आणि डोळ्याला ते कळत नाही. टेपने मोजा, अंदाजाने नको. आडवी कड किनारीवर आणून त्रिकोणी घडी घालण्याची पद्धतही बरोबर आहे, पण घडीवर इस्त्री जोरात फिरवू नका. तीच तुमची पुढची कापायची रेघ आहे आणि ती तिथेच ताणली जाते.

चौकड्याचं कापड असेल तर चौकडीच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारण्याचा मोह होतो. चौकडी लांबट असेल तर ती रेघ उरेब नसते. आधी एक घर दोन्ही बाजूंनी मोजा.

रुंदी आणि कापडाचा हिशोब

रुंदी कामावर ठरते. गळ्याला आतून लावून उलटवायची पट्टी सव्वा इंच. कडेला दोन्ही बाजूंनी दिसणारा पाव इंचाचा गोट हवा असेल तर तयार रुंदीच्या चौपट, म्हणजे एक इंच, आणि कापडाच्या जाडीसाठी वर एक-अष्टमांश. दुहेरी घडीचा गोट सहापट: दीड इंच अधिक तोच अष्टमांश. दोन मिलिमीटर डोरीची पायपिंग करायची तर डोरीभोवतीचा पाव इंच आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड), म्हणजे पुन्हा सव्वा इंचच.

पट्ट्यांच्या खुणा करताना हमखास होणारी चूक सांगायलाच हवी. सव्वा इंचाची पट्टी हवी म्हणून किनारीवर सव्वा-सव्वा इंचाला टिंबं देतात आणि तिथून तिरक्या रेघा मारतात. अशी पट्टी भरते जेमतेम पाऊण-एक इंचाच्या मधे, ०.८८ इंच, कारण किनारीवरचं अंतर तिरकं पडतं. पट्टीची रुंदी नेहमी उरेब रेघेला काटकोनात मोजायची. किनारीवरच खुणा करायच्या असतील तर रुंदीला १.४१ ने गुणा. सव्वा इंचाला साधारण पावणेदोन इंच.

१८ इंची चौकोनातून सव्वा इंचाच्या पट्ट्या काढल्या तर हिशोबाने २५९ इंच निघायला हव्यात. कोपऱ्यातले ९ इंचांहून लहान तुकडे सोडले, प्रत्येक जोडात सुमारे पाऊण इंच गेला, म्हणजे हाती सव्वादोनशे इंचांच्या आसपास पडते. एका साध्या ब्लाऊजच्या गळ्याला आणि दोन बाह्यांना मिळून ६० ते ६५ इंच लागते, त्याला १४ इंची चौकोन भरपूर. अरुंद, लांबट कातरणातूनही पट्टी निघते, पण तुकडे आखूड येतात आणि प्रत्येक जोड गळ्यावर टोचणारा एक ठिपका असतो. पुढच्या गळ्याच्या मध्यावर जोड येणार नाही असा तुकडा आधीच बाजूला काढा.

कापणं आणि जोडणं

कापताना कापड टेबलावरच राहू द्या, हातात उचलून कापू नका. लटकलेला भाग स्वतःच्या वजनाने ओढला जातो. कात्री लांब पात्याची, शक्यतो ९ किंवा १० इंची. जॉर्जेट, शिफॉन, मऊ सॅटिन टेबलावर सरकतं. खाली कागद अंथरा, टाचण्या लावा आणि कागदासकट कापा. वर्तमानपत्राची शाई लागते, कोरा कागद घ्या. मऊ सुती कापडाला साबुदाण्याची पातळ खळ दिली, सपाट वाळवून इस्त्री केली की ते कागदासारखं कापतं. पट्टी लावून झाल्यावर धुण्यात खळ जाते. रेशमाला हा उपाय नको, डाग पडतात.

जोडताना दोन्ही पट्ट्यांची टोकं सरळ धाग्यावर, एकाच दिशेला कललेली असली पाहिजेत. सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून पट्ट्या एकमेकींना काटकोनात धरा, एल आकारात. टोकं कोपऱ्याला कोपरा लावून ठेवायची नाहीत. दोन्हीकडे पाव इंचाचा छोटा त्रिकोणी कान बाहेर राहिला पाहिजे, आणि टीप एका कानाच्या खाचेतून सुरू होऊन दुसऱ्या कानाच्या खाचेत संपली पाहिजे. कान न ठेवता जोडलं की उघडल्यावर पट्टीच्या कडेला पायरी पडते. जोड फाकवून दाबा, कान कापा. रेघांच्या कापडात रेघ कडेपाशी जुळवू नका. टिपेच्या जागी, पाव इंच आत जुळवा.

सॅटिन आणि मखमलीसारख्या कापडांत सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने ठेवा. एक पट्टी उलटी लागली तर तेवढ्याच भागाचा रंग वेगळा दिसतो.

चादरीला किंवा डझनभर कुंच्यांना गोट लावायचा असेल तर एकेक पट्टी जोडत बसू नये. चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. त्यांच्या चौकोनातल्या समोरासमोरच्या सरळ कडा सुलट-सुलट ठेवून पाव इंचावर जोडा, कललेला चौकोन तयार होतो. त्याच्या उरेब कडांना समांतर अशा पट्टीच्या रुंदीच्या रेघा उलट बाजूने आखा. आता उरलेल्या दोन सरळ कडा एकमेकींवर आणा, पण एक पट्टी सरकवून: कोपऱ्याला कोपरा नव्हे, तर पहिली रेघ समोरच्या कोपऱ्याला आणि दुसरी रेघ पहिलीच्या जागी. टाचणी रेघेच्या टोकात न टोचता टिपेच्या जागी टोचा, नाहीतर कापताना प्रत्येक फेरीला पायरी येते. शिवल्यावर पिळलेली नळी दिसेल. ती चुकलेली नसते, तशीच असायला हवी. बाहेर राहिलेल्या टोकापासून रेघेवर गोल गोल कापत गेलात की अखंड पट्टी निघते. या जोडांवरून कात्री जाणार असल्यामुळे टाके बारीक हवेत, इंचाला १५.

गळ्याला लावताना

कापलेल्या गळ्यातही जिथे गोलाई आहे तिथे उरेब आहेच. ब्लाऊज हातात घेताच ती कड ताणली जाते. पट्टी लावण्याआधी कडेपासून एक-अष्टमांश इंचावर एक साधी टीप मारून घ्या, तीही खांद्याकडून मध्याकडे दोन्ही बाजूंनी.

पट्टीची एक कड पाव इंच दुमडून दाबा. दुसरी कड गळ्याच्या कडेला, सुलटावर सुलट. टीप पाव इंचावर, टाका इंचाला १२ च्या आसपास, वरच्या धाग्याचा ताण किंचित सैल. उरेबवर घट्ट ताणाची टीप पहिल्यांदा ब्लाऊज डोक्यातून घालतानाच तुटते.

सरळ भागात पट्टी नुसती ठेवून शिवा. आत वळणाऱ्या गोलाईत, म्हणजे गळ्यात आणि मुंढ्यात, पट्टी हलकेच ओढत शिवा. १२ इंच गळ्याला साडेअकरा इंच पट्टी जाईल एवढंच. न ओढता शिवली तर गळा अंगाला न चिकटता उभा राहतो. जास्त ओढली तर ब्लाऊजच्या बाजूला चुण्या पडतात. बाहेर वळणाऱ्या गोलाईत, कंगोऱ्याच्या किंवा गोल कोपऱ्यात, याच्या नेमकं उलट: पट्टी ओढायची नाही, थोडी ढिली सोडायची, कारण उलटवल्यावर बाहेरच्या कडेला जास्त अंतर जायचं असतं. ओढणारा हात कापडाला लागू देऊ नका. एका हाताने पट्टी, दुसरा हात कापडावर नुसता टेकलेला.

शिवून झाल्यावर गोलाईत दर अर्ध्या इंचाला कात्रीचं टोक मारा, टिपेपासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबा. व्ही गळ्यात टोकाला एकच काप, अगदी टिपेला भिडेपर्यंत. तो कमी पडला तर टोकाला सुरकुती राहते आणि लोक दोष इस्त्रीला देतात. मग पट्टी उघडी करून, माया पट्टीकडे वळवून, पट्टीवर सांध्याला लागून दाबटीप मारा. ही टीप बाहेरून दिसत नाही आणि पट्टी बाहेर डोकावत नाही. शेवटी पट्टी आत वळवून हातशिलाईने हेम घाला. मशीनने मारायची असेल तर दुसरी टीप पहिलीच्याच दिशेने मारा. एक टीप डावीकडून आणि दुसरी उजवीकडून मारली की वरचं आणि खालचं कापड विरुद्ध दिशांना सरकतं, आणि पट्टी बरोबर ४५ अंशांची असूनही पीळ पडतो. पट्टी कापली चुकीची की लावली चुकीची हे ओळखायला शिलाई चार इंच उसवा: पट्टी मोकळी झाल्यावरही वळलेली राहिली तर कापणं चुकलं, सरळ झाली तर शिवणं.

इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवत जायची.

डोरीच्या पायपिंगला मशीनला एका बाजूचा अर्धा फूट, म्हणजे कापड दाबणारा अरुंद पाय, लावा. डोरी पट्टीत घालून पहिली टीप डोरीपासून एक धागा दूर. कपड्यावर लावतानाची दुसरी टीप डोरीला चिकटून. पहिलीच टीप चिकटवून मारली तर ती शेवटी बाहेर दिसते.

उरेब कुठे हवा, कुठे नको

गोधडीच्या सरळ कडांना उरेब पट्टी लागत नाही, सरळ पट्टीने काम भागतं आणि कापडही कमी लागतं. तरी रोज अंथरायच्या, धोपटून धुवायच्या गोधडीला उरेब गोट लावलेला बरा. सरळ पट्टीच्या घडीवर एकच धागा लांबपर्यंत धावतो. तो झिजला की कड लांबलचक फाटते. उरेबच्या घडीवर असंख्य धागे आडवे छेदून जातात, झीज वाटली जाते. होजिअरीच्या कापडाला उरेब कापू नये, ते आडवं तसंच ताणतं.

कटोरी ब्लाऊजची कटोरी आणि क्रॉस कट ब्लाऊजचा पुढचा भाग उरेब ठेवतात, म्हणजे कापड छातीच्या गोलाईवर स्वतःच बसतं. दोन्ही बाजू एकाच वेळी, कापड सुलटावर सुलट ठेवून कापा. एकेक कापून दोन्ही एकाच दिशेला कलल्या तर एक बाजू डावीकडे आणि दुसरीही डावीकडे ओढते. रेघांच्या कापडात तर लगेच उघडं पडतं. चुडीदार तर उरेबशिवाय होतच नाही. घट्ट पोटरीतून पाऊल आत जातं आणि घोट्यावर चुण्या पडतात, दोन्ही त्याच मोकळिकीमुळे. त्यासाठी आधी कापडाची तिरकी पिशवी शिवतात आणि तिच्यातून पाय कापतात. ती पिशवी म्हणजे वर सांगितलेली अखंड पट्टीची नळीच, फक्त मोठी. पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत अख्खे झगे उरेब कापून नाव मिळवलं, तेव्हा आपल्याकडे चुडीदार जुना झाला होता.

अंब्रेला घागरा पूर्ण वर्तुळाचा असतो, त्यामुळे त्यात चार ठिकाणी बरोबर उरेब येतो आणि चार ठिकाणी सरळ सूत. उरेबच्या चार जागा वजनाने खाली उतरतात. घागऱ्याला कमरपट्टी लावून तो किमान २४ तास टांगून ठेवा, जॉर्जेट असेल तर दोन दिवस. मग अंगावर घालून जमिनीपासून पट्टीने सगळीकडे सारखं अंतर मोजून खुणा करा, वाढलेलं कापा आणि त्यानंतरच खालची कड दुमडा. टांगण्याआधी कड शिवली तर ती चार टोकं पुन्हा उसवावी लागतात. उरेब कापलेले कपडे हँगरवर ठेवू नका, घडी घालून ठेवा.

उरलेली पट्टी पुठ्ठ्यावर गुंडाळताना ओढू नका. ताणून गुंडाळलेली पट्टी महिन्याभरात तशीच अरुंद होऊन बसते, आणि पुढच्या ब्लाऊजला सव्वा इंच समजून लावली की आतल्या दुमडीला कापड पुरत नाही. सैल गुंडाळा, टोकाला टाचणी लावा, आणि पुठ्ठ्यावर रुंदी व कापडाचं नाव पेन्सिलने लिहून ठेवा.